रेगेन्सबुर्ग: भिंती वाचत केलेला फेरफटका

म्युनिकला लेकीकडे राहायला आलं की शनिवार-रविवारी कुठे जायचं याची यादी आधीच तयार असते. किल्ले, तलाव, आल्प्स. ते सगळं आम्हीही पाहिलं आणि आवडलंही. पण पुन्हा एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी रेगेन्सबुर्ग निवडेन. डॅन्यूबच्या काठावरचं हे मध्ययुगीन गाव २००६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. स्टेशनापासून पुलापर्यंत भरभर चाललात तर वीस मिनिटं लागतात. आम्हाला पाच तास लागले, आणि ते कमीच पडले.

आधी जाण्याचं सांगते. म्युनिकहून साध्या रेल्वेने साधारण दीड तास लागतो, न्यूरेम्बर्गहून त्याहून कमी. आम्ही तिघं होतो, म्हणून बायर्न-तिकीट काढलं. ते दिवसभर चालतं आणि पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, त्याआधीच्या गाडीत चढू नका. गावात फरसबंदी रस्ते आहेत, दगड गोलसर आणि उंचसखल. माझे गुडघे दुखतात. जाड तळव्याचे बूट होते म्हणून निभावलं. स्वच्छतागृहासाठी सुट्टी नाणी जवळ ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, हे आम्हाला सोयीचंच झालं, कारण नजर दुकानांच्या काचांवरून निघून भिंतींवर गेली. या गावात भिंतीच बघायच्या.

स्टेशनातून बाहेर पडलं की सगळे सरळ मॅक्सिमिलियनश्ट्रासेने कॅथेड्रलकडे जातात. तुम्ही थोडं उजवीकडे वळून दाखाउप्लात्स या चौकात जा आणि तिथल्या पार्किंगच्या इमारतीत शिरा. मोटारींच्या शेजारी रोमन तटाचे प्रचंड घडीव चिरे उभे आहेत. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इ.स. १७९मध्ये, रोमनांनी इथे लष्करी छावणी बांधली, तिचं नाव कास्त्रा रेगिना. गावाची सुरुवात त्या छावणीतून झाली. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणीही नव्हतं. अठराशे वर्षांच्या दगडावर हात टेकवून यांनी बराच वेळ काढला.

त्याच चौकात योहान मायर यांचं स्मारक आहे. हे कॅथेड्रलचे प्रवचनकार. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकन सैन्य जवळ आलं होतं आणि नाझी अधिकारी शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम देत होते. गाव लढाईविना स्वाधीन करा, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. मायर त्यांच्यापुढे बोलायला उभे राहिले. त्यांना पकडून २४ एप्रिलला याच चौकात फाशी दिलं. तीन दिवसांनी गाव खरोखरच गोळी न झाडता अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. मेसरश्मिट विमानांच्या कारखान्यावर बॉम्ब पडले होते, पण जुना भाग बहुतांशी वाचला. पुढचं काही बघण्याआधी इथे थोडं थांबा, एवढीच माझी विनंती.

तिथून पाच मिनिटांवर नॉयफारप्लात्स. इथे मध्ययुगात ज्यूंची वस्ती होती. जानेवारी १५१९मध्ये त्यांना संरक्षण देणारा सम्राट मॅक्सिमिलियन वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेने ज्यूंना हाकलून दिलं, त्यांचं प्रार्थनागृह, म्हणजे सिनेगॉग, पाडलं. परिषदेचा सभासद असलेला चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर याने पाडण्याआधी त्या वास्तूची दोन चित्रं करून ठेवली. सिनेगॉग कसं होतं हे आज त्या चित्रांवरून कळतं. ज्यूंच्या दफनभूमीतले थडग्यांचे दगड उपटून लोकांनी घरांच्या भिंतींत बसवले. गल्ल्यांतून फिरताना हिब्रू अक्षरं कोरलेला दगड एखाद्या भिंतीत अचानक दिसतो, तो त्यातलाच. असा पहिला दगड दिसला तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

सिनेगॉगच्या जागी इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी २००५मध्ये पांढऱ्या काँक्रीटमध्ये त्या वास्तूचा जमिनीवरचा आराखडा उभारला आहे. मुलं त्यावर उड्या मारतात, लोक आइस्क्रीम खात बसतात. मला आधी ते खटकलं. लेक म्हणाली, "आई, लोकांनी इथे भेटावं, बसावं, हेच कारावान यांना हवं होतं." मग मीही बसले. चौकाखाली उत्खननात सापडलेली तळघरं आहेत; इथेच ६२४ सोन्याच्या नाण्यांचा साठा मिळाला. खाली फक्त वाटाड्याबरोबरच्या फेरीत जाता येतं. पुढे पाच मिनिटांवर २०१९मध्ये उघडलेलं नवं सिनेगॉग आहे, तेही बाहेरून बघून घ्या.

कॅथेड्रलबद्दल थोडक्यात सांगते, कारण सगळे तिथे जातातच. तेराव्या शतकात सुरुवात, मनोरे मात्र १८६९मध्ये पूर्ण झाले, उंची १०५ मीटर. आत जाल तेव्हा एका खांबावरचा हसरा देवदूत चुकवू नका. साधारण १२८०चं हे शिल्प. समोरच्या खांबावर मेरी आहे, आणि देवदूत तिला बाळाची बातमी सांगतोय. गोड बातमी सांगताना माणसाचा चेहरा जसा फुलतो, अगदी तसा तो आहे. रविवारी सकाळी दहाच्या प्रार्थनेला, शाळेला सुट्टी नसेल तेव्हा, इथलं प्रसिद्ध बालगायकवृंद गातं. ऐकायला जरूर बसा, पण त्या वेळात आत फिरता येत नाही.

कॅथेड्रलच्या मागून नदीकडे उतरताना बिशपच्या जुन्या वाड्याच्या पांढऱ्या भिंतीत काळपट चिऱ्यांची एक कमान दिसते. ही त्या रोमन छावणीची उत्तर वेस, पोर्टा प्रेटोरिया. नंतरच्या बांधकामात ती अशी लपली होती की १८८५मध्ये पुन्हा सापडली.

तिथून डावीकडे वळलं की गोलियाथहाउस. अख्ख्या भिंतीवर बायबलमधले डेव्हिड आणि राक्षसी गोलियाथ रंगवलेत. तिथेच मागे वाट्मार्क्ट आणि वालेनश्ट्रासे. इथल्या धनाढ्य व्यापाऱ्यांनी इटलीच्या थाटाचे मनोरे बांधले, राहायला कमी आणि मिरवायला जास्त. वालेनश्ट्रासेतला सोनेरी मनोरा तर नऊ मजली आहे.

माझी सगळ्यात आवडती भिंत जुन्या नगरभवनाच्या दाराशी आहे. तिथे लोखंडाच्या तीन पट्ट्या बसवल्या आहेत: शूख, एल्न आणि क्लाफ्टर. ही गावाची अधिकृत मापं. कापडात व्यापाऱ्याने फसवलं असं वाटलं तर गिऱ्हाइकाने इथे येऊन मोजून बघायचं. शूख म्हणजे पाऊल, एल्न आपल्या हाताच्या जातीचं पण बरंच लांब, आणि क्लाफ्टर म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. म्हणजे आपली वाव! माझी आजी दोरी वावेनेच मोजायची. मी तिथे हात पसरून उभी राहिले, पट्टी माझ्यापेक्षा बरीच लांब निघाली.

आत साम्राज्यसभेचं दालन आहे. पवित्र रोमन साम्राज्याची सभा इथे १६६३पासून १८०६पर्यंत सतत भरत होती. हे फक्त ठरलेल्या फेरीतच दाखवतात आणि इंग्रजी फेऱ्या कमी असतात. आम्ही वेळ न विचारता गेलो आणि इंग्रजी फेरी हुकली. शेवटी जर्मन फेरीत शिरलो, लेक कानात मराठीत सांगत होती. तुम्ही गावात शिरल्या शिरल्या तिथल्याच पर्यटन कार्यालयातून तिकीट काढा आणि बाकीचा फेरफटका त्या वेळेभोवती बसवा. तळघरात छळाची खोली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा.

जवळच केप्लरश्ट्रासे. ग्रहांच्या गतीचे नियम शाळेत पाठ केलेला तो योहानेस केप्लर थकलेला पगार मागायला घोड्यावरून इथे आला, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी इथेच वारला. त्याची कबर तीस वर्षांच्या युद्धात नाहीशी झाली. स्टेशनाजवळच्या बागेत त्याचं एक गोल स्मारक आहे, परतताना बघा.

आणि मग दगडी पूल. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला, तीनशे मीटरहून लांब. जवळपास आठशे वर्षं गावात डॅन्यूब ओलांडायला हा एकच पूल होता. त्यावर आता मोटारी नाहीत. एप्रिल १९४५मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याचा काही भाग उडवला, तो पुढे पुन्हा बांधला. खाली कमानींतून निघणाऱ्या पाण्याला एवढे भोवरे पडतात की कठड्यावरून बघत राहावंसं वाटतं.

पुलाच्या पायथ्याशी सॉसेजचं जुनं, छोटंसं भटारखाना आहे, कोळशाचा धूर लांबूनच जाणवतो. भिंतीवर पुरांच्या पाण्याच्या खुणा आणि वर्षं लिहिली आहेत. काही माझ्या डोक्याच्या वर होत्या. यांनी सॉसेज आणि आंबवलेला कोबी खाल्ला. शाकाहारी मंडळींनी गावात डाम्पफनुडेल शोधावं: वाफवलेला गुबगुबीत पाव आणि वर व्हॅनिलाचं गरम सॉस. दोघींत एक पुरतं.

पूल पूर्ण ओलांडून श्टाटआमहोफला जा आणि तिथून मागे वळून बघा. दुपारी चारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं आणि मनोरे, कॅथेड्रल, मिठाच्या कोठाराचं भलंमोठं छप्पर एका ओळीत उजळतं. पाय बोलायला लागले असतील तर जुन्या गावातून स्टेशनाकडे छोटी बस जाते. आम्ही चालतच आलो, आणि वाटेत आणखी एक हिब्रू अक्षरांचा दगड दिसला.