नवे पीसी रत्नागिरीत, जुना सर्वर देवगडला : माझा अनुभव

आमचं आंबा कॅनिंगचं काम, ऑफिस रत्नागिरीत, कारखाना देवगडला आणि कारखान्यातला सर्वर अजून विंडोज सर्वर २००८ आर२ वर, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. बदलता येत नाही कारण वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं आणि ते बनवणाऱ्यांनी धंदा बंद केलाय. गेल्या पावसाळ्यानंतर ऑफिसचे विंडोज ७ वाले पीसी काढून विंडोज ११ प्रो घेतले. सर्वरचं काय होणार हा विचार तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

पहिल्याच दिवशी ऑफिसमधून देवगडचा सर्वर चालवायला रिमोट डेस्कटॉप (आरडीपी) लावला तर क्रेडएसएसपीचा, म्हणजे जोडताना लॉगिनची माहिती सर्वरकडे पोचवणाऱ्या भागाचा, एरर. मार्च २०१८ मध्ये त्यातल्या एका भगदाडावर पॅच आला, मे २०१८ पासून अपडेट झालेला पीसी पॅच नसलेल्या सर्वरला जोडूच देत नाही. आमच्या सर्वरला तो पॅच कधी मिळालाच नव्हता आणि जुन्या पीसींचे अपडेट कित्येक वर्षं बंद, म्हणून आजवर कळलंच नाही. नेटवर जिथे तिथे एकच उपाय सांगतात, नव्या पीसीवरची क्रेडएसएसपीची पॉलिसी 'व्हल्नरेबल' करा, म्हणजे पॅच नसलेल्या सर्वरलाही जोडू द्या, लगेच चालतं. मला ते पटलं नाही, एका जुन्या सर्वरसाठी आठ नव्या पीसींचं संरक्षण कशाला उतरवायचं?

म्हणून सगळे अपडेट पेनड्राइव्हवर घेतले आणि एसटीने देवगड गाठलं. तिथले स्टोअरचे काका म्हणाले, "चालता हा मां, मगे कित्याक हात लावतस?" त्यांची भीती खरी होती, म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला, त्यात मध्येच लाईट गेली, यूपीएसने तारलं.

आता क्रम सांगतो, कारण इथेच माझी अर्धी दुपार गेली. सर्विस पॅक १ होता. मी थेट शेवटचा रोलअप (आधीच्या अपडेटचा एकत्र गठ्ठा) लावायला गेलो तर तो लागेच ना. २०१९ नंतरचे अपडेट शा-२ सहीचे (अपडेट अस्सल असल्याची नवी डिजिटल सही) असतात, त्यामुळे आधी केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट लागतात, मग जानेवारी २०२० चा रोलअप. तो बसला आणि आरडीपी सुरू झालं. पुढे रत्नागिरीतूनच सर्वर मॅनेजरने देखभाल करता यावी म्हणून डॉटनेट ४.५.२, त्यावर डब्ल्यूएमएफ ५.१ (देखभालीची मायक्रोसॉफ्टची साधनं), मग 'विनआरएम क्विककॉन्फिग' ही कमांड, कारण २००८ आर२ वर विनआरएमने (दुरून आदेश घेणारी सोय) बाहेरून जोडणं आपोआप चालू नसतं, २०१२ पासूनच्या सर्वरवर असतं. फायरवॉलमध्ये विनआरएमचा ५९८५ पोर्ट फक्त व्हीपीएनवरून येणाऱ्या ऑफिसच्या पत्त्यांना उघडला, बाकी सर्वरचं इंटरनेट पूर्ण तोडलं.

रत्नागिरीला परत आल्यावर विंडोज ११ वर आरसॅट (सर्वर मॅनेजरसारखी सर्वर सांभाळायची साधनं) शोधत बसलो, पूर्वीसारखं डाउनलोड करून टाकायचं म्हणून. ते आता सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्येच असतं, आणि होम एडिशनवर मिळतच नाही हे लक्षात ठेवा, पीसी घेताना विचारून घ्या. आमच्याकडे डोमेन (सगळ्या मशीनची ओळख एकत्र सांभाळणारी व्यवस्था) नाही, त्यामुळे पीसीवरच्या ट्रस्टेडहोस्ट्समध्ये, म्हणजे विश्वासू मशीनच्या यादीत, सर्वरचं नाव टाकावं लागलं. तिथे स्टार (म्हणजे कुठलंही मशीन चालेल) टाकू नका, नावच टाका.

संध्याकाळी सर्वर मॅनेजरमध्ये देवगडच्या सर्वरसमोर 'ऑनलाईन' आलं, काकांना फोन केला तर ते काट्यावरच होते, म्हणाले पावती निघता हा. आता हंगामाआधी वजनकाट्याचं तेच सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (दुसऱ्या संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालवून बघायचंय, बॅकअपची डिस्क मी सोबतच आणलीय.