कात्रीचं कव्हर आणि विमानाची बॅग

नाशिकच्या भद्रकालीत आमचं बॅगांचं दुकान आहे. वडील शाळेची दप्तरं शिवायचे. मी त्यात एमआर लोकांच्या बॅगा, अंबड-सातपूरच्या फिटरांच्या हत्यारांच्या पिशव्या आणि छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेतल्या मजुरांसाठी कमरेला लावायची कात्रीची कव्हरं, असा पसारा वाढवला. पण खरं सांगायचं तर घर चालतं ते चेनदुरुस्तीवर. त्यामुळे मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी एक बाई भलीमोठी काळी बॅग घेऊन आल्या आणि "काका, चेन गेलीय, होईल का?" म्हणाल्या, तेव्हा मी मशीनवरून मानही वर केली नाही. "ठेवून जा, सोमवारी या."

"सोमवारी नाही चालणार. उद्या सकाळी मला उडायचंय."

मान वर झाली.

नाशिककरांना विमानाचं अप्रूप नाही. ओझरचं सुखोई डोक्यावरून गेलं तर आम्ही फोनवर "थांब जरा" म्हणतो आणि आवाज ओसरला की पुढे बोलायला लागतो. गांधीनगरकडे आर्मीची हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात, त्यांच्याकडे तर कोणी बघतही नाही. पण विमान चालवणारं माणूस चेन बदलायला माझ्या काउंटरपाशी उभं राहिलं, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

बाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना गंगापूर रोडला. हौस म्हणून विमान शिकल्या. खासगी वैमानिकाचं लायसन मिळायला सतरा वर्षं पूर्ण लागतात आणि कमीत कमी ४० तासांचं उड्डाण लागतं, आणि ते मिळालं तरी भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे पैसे फक्त जातात, येत नाहीत. रविवारी पहाटे गाडी काढायची, आग्रा रोडने धुळं गाठायचं, तासभर उडायचं आणि दुपारपर्यंत परत. साधारण १६० किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. मी म्हणालो, "ताई, एवढ्या पेट्रोलमध्ये तर..." त्या म्हणाल्या, "घरी पण हेच म्हणतात."

बॅग बाहेरच्या देशातून मागवलेली. बाहेरून चौदा खिसे, आतून सात. दिसायला रुबाबदार. पण चेन पाच नंबरची! एवढ्या वजनाला आठ नाही तर दहा नंबरची चेन हवी. लोक म्हणतात चेन गेली. बहुतेक वेळा चेन शाबूत असते, रनरचा जबडा फाकलेला असतो. पक्कडीने दाबला की दोन आठवडे चालतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मला ते करता आलं असतं. पण आधी रिकामी करायला सांगितली, कारण भरल्या बॅगेची चेन मी बदलत नाही.

काउंटर भरला. हेडसेट निघाला, त्याच्या वायरीला दोन पिना, एक जाड, एक जरा बारीक. जाड कानाची, बारीक माइकची. मांडीवर बांधायची पाटी. टॅबलेट, दोन पॉवरबँक. लॉगबुक, लायसन, मेडिकलचे कागद. नकाशे, पट्टी, आकडेमोडीची एक गोल चकती. बॅटऱ्या, टॉर्च, गॉगल. दोन लिटर पाणी. मेथीच्या पराठ्यांचा डबा. आणि त्या डब्याला खेटून प्लास्टिकची एक पारदर्शक नळी, मधोमध पिन असलेली.

नळी हातात घेतली तर पेट्रोलसारखा उग्र वास आला. बाईंनी सांगितलं, उडण्याआधी पंखाखालच्या झडपेला ही पिन दाबून थोडं इंधन नळीत काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. इंधन निळसर असतं. पाणी जड, ते खाली बसतं, मधे रेघ दिसते. पाणी दिसलं तर ते संपेपर्यंत काढत राहायचं; इंजिनात पाणी गेलं तर वर आकाशात गाडी बाजूला घ्यायची सोय नसते.

"आणि ही नळी डब्याजवळ?"

"सगळे खिसे भरलेत काका. पराठ्यांना वास लागतो, मी गपगुमान खाते."

मी विचारलं, विमानात ही बॅग कुठे ठेवता? शेजारच्या सीटवर, म्हणाल्या. दोन सीटचं सेस्ना १५२. आत रुंदी किती? त्यांनी हाताने दाखवली. मी टेप काढला, जेमतेम चाळीस इंच भरली. मग मी जे केलं त्यावर आमचा पोऱ्या अजून हसतो. दोन स्टूल चिकटून मांडले, बाईंना डावीकडच्या स्टुलावर बसवलं, कमरेला निवारीची पट्टी बांधली आणि उजवीकडच्या स्टुलावर त्यांची बॅग परत भरून ठेवली. "डावा हात स्टिअरिंगवर समजा. समोर बघत राहा. आता टॉर्च काढा."

त्यांनी उजवा हात नेला. झाकण उघडायला दोन चेन, त्या दोन हातांशिवाय उघडत नव्हत्या. उघडल्यावर आत काळं अस्तर, काळ्या वस्तू. मान वळवली, मग कंबर वळवली, मग पट्टी ताणली गेली. एवढ्यात बॅग कलंडली आणि तिचा खांद्याचा लांब पट्टा दोन स्टुलांच्या मधे जाऊन पडला.

बाई एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, काय झालं?

"१५२ मध्ये दोन सीटच्या मधे, खाली जमिनीवर इंधनाचा कॉक असतो," त्या म्हणाल्या. "बंद करायचा. पट्टा बरोबर तिथेच पडलाय."

मी पट्ट्याचं टोक हळूच ओढून बघितलं. स्टुलाच्या पायात अडकलेलं होतं.

यात मला काही नवं वाटलं नाही, म्हणजे धोका नवा नव्हता. ट्रकवाल्यांना विचारा, पाण्याची बाटली ब्रेकखाली घरंगळली की काय होतं ते. विमानातही पायाशी पेडल असतात. उन्हं चढल्यावर गरम हवेत विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं उसळतं म्हणे. तेव्हा सीटवर सुटी ठेवलेली गोल बुडाची बॅग कुठे जाईल याचा भरवसा नाही.

मी सरळ सांगितलं, "ताई, चेन बदलून देतो, अडीचशे रुपये. पण ही बॅग विमानतळावर बॅग ओढत नेणाऱ्या साहेबांसाठी आहे. तुम्हाला पाहिजे ती इलेक्ट्रिशियनची."

वरच्या फळीवरून हत्यारांची पिशवी काढली. माझीच शिलाई, जाड कॅनव्हास, बुडाला प्लास्टिकची शीट, त्यामुळे रिकामीसुद्धा उभी राहते. तोंड रुंद उघडतं आणि उघडंच राहतं. किंमत नऊशे. बाईंच्या चेहऱ्यावर आधी जरा नाराजी दिसली, लपवायची नाही. सोळा हजारांची बॅग बाजूला ठेवून नऊशेची घ्यायला मन मोठं लागतं. पण त्यांनी ती स्टुलावर ठेवली, डोळे मिटले आणि हात आत घातला. सहज गेला. "संध्याकाळपर्यंत काय काय बदलून द्याल?"

दवाखाना होता म्हणून त्या गेल्या. हेडसेट, नळी आणि टॉर्च मापासाठी माझ्याकडे ठेवून गेल्या.

त्या दिवशी बाकीची कामं मी मागे सारली. आधी हत्यारांच्या पिशवीतलं काळं अस्तर उसवलं. गणपतीत ढोल पथकाच्या पिशव्यांसाठी आणलेलं केशरी पॅराशूट कापड शिल्लक होतं, ते लावलं. त्यावर काळी पेन्सिल पडली तरी दिसते. मधे फोमचा पडदा टाकून हेडसेटचं घर केलं, थोडं उंच, म्हणजे माइकची दांडी वाकणार नाही. पिनांसाठी वेगळी लूप, नाहीतर त्या आपटून खराब होतात. डाव्या भिंतीला, म्हणजे बाईंच्या बाजूला, टॉर्चचा खिसा. झाकण नाही, फक्त तोंडाला इलॅस्टिक. पॉवरबँकचा खिसा बाहेर काढला. आत कपड्यात गुंडाळलेली पॉवरबँक तापली तर कळणार कधी? खांद्याचा पट्टा कायमचा होता, तो कापून दोन्ही टोकांना हुक लावले. गाडीपासून विमानापर्यंत पट्टा, आत बसलं की काढून आत टाकायचा. आणि मागे आडवी निवारीची पट्टी शिवली, विमानातल्या सीटचा बेल्ट तिच्यातून ओवता येईल अशी. ती शिवताना अठरा नंबरची सुई मोडली, दोनदा.

नळीचं कोडं मात्र दुपारी जेवेपर्यंत सुटलं नव्हतं. वास आत येऊ द्यायचा नाही, आणि राहिलेला थेंब वाळायलाही हवा. जेवता जेवता नजर खिळ्याला टांगलेल्या कात्रीच्या कव्हरांवर गेली. द्राक्षाची छाटणी करताना कात्रीला चीक लागतो, म्हणून त्या कव्हराच्या बुडाला मी एक आयलेट, म्हणजे मधे भोक असलेली धातूची गोल कडी ठोकतो. चीक गळतो, हवा लागते. नळी त्यात घातली. अर्धा इंच सैल. एक टाका आत घेतला आणि कव्हर बॅगेच्या बाहेरून, डब्याच्या विरुद्ध बाजूला शिवलं. पिंपळगावच्या मजुराचं कव्हर विमानात चाललं होतं. हे मी दिवसभरात चार जणांना सांगितलं.

आणि या खुशीत मी एक शहाणपणा केला. कागदांच्या खिशाला टिचबटन लावायचं ठरलं होतं. त्याऐवजी मी चुंबकाचं बटण लावलं, पर्सला असतं ना, तसं. वाटलं, बाईंना आवडेल, एका बोटाने उघडतं. वरचे पैसेही घेणार नव्हतो.

सहाला त्या आल्या. बॅग उलटसुलट बघितली, कात्रीच्या कव्हरावर खूप हसल्या. मग कागदांचा खिसा उघडला. बटण 'टक्' झालं आणि हसू थांबलं.

"हे चुंबक आहे का?"

त्यांनी पर्समधून छोटं होकायंत्र काढलं. ब्रह्मगिरी, हरिहरला जातात तेव्हाचं. काउंटरवर ठेवलं, सुई स्थिर झाली. मग माझी बॅग वीतभर अंतरावर सरकवली. सुई अशी वळली, जणू कोणीतरी हाक मारली. बॅग हातभर मागे घेतली, सुई परत जागेवर आली. पुन्हा जवळ, पुन्हा वळली. पोऱ्याने तीन वेळा करून बघितलं.

त्या म्हणाल्या, विमानात होकायंत्राला वीज लागत नाही, म्हणून सगळं बंद पडलं तरी ते चालतं. दिशा दाखवणारं दुसरं एक यंत्र असतं, पण ते हळूहळू सरकतं. दर पंधरा मिनिटांनी होकायंत्राकडे बघून जुळवून घ्यावं लागतं. होकायंत्रच खोटं बोललं तर दोन्ही खोटं बोलतात. सीटवर बॅग असेल तर फरक पडणार नाही कदाचित, पण घाईत कधी डॅशबोर्डवर ठेवली गेली तर?

मी ओशाळलो. पण गप्प बसायची सवय नाही. "हेडसेटच्या स्पीकरमध्ये पण चुंबक असणारच की."

"असतं ना. म्हणून तोही डॅशवर ठेवायचा नसतो," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. तेवढ्यावर माझी लाज थोडी भरून निघाली.

बटण उसवलं, साधं टिचबटन ठोकलं. पाच मिनिटांचं काम, पण ते पाच मिनिटं दुकानात कोणी बोललं नाही.

जाताना त्यांनी वजनकाटा आहे का विचारलं. माझ्याकडे नाही, शेजारी भुसारवाल्याकडे आहे. सगळं सामान भरून जुनी बॅग ठेवली: नऊ किलो चारशे. भुसारवाला म्हणाला, "तांदूळ आहेत का?" मग बाईंनी पाण्याची एक बाटली, दुसरी पॉवरबँक, जुने नकाशे आणि कधीच न वापरलेल्या तीन वस्तू बाजूला काढल्या. राहिलेलं सामान नव्या बॅगेत भरून ठेवलं: चार किलो आठशे. त्यांनी वही उघडून आकडा लिहिला. वहीत वर त्यांचं स्वतःचं वजन लिहिलेलं होतं; मी बघितलं नाही असं दाखवलं. खाली इंधन, लिटरला ०.७२ किलोने गुणलेलं. उडताना सगळं मिळून ७५७ किलोच्या वर जायचं नाही. दोन भरदार माणसं आणि टाकी फुल्ल, की फारसं काही उरत नाही. त्या हिशेबाच्या शेवटच्या ओळीत माझी बॅग होती.

पैसे किती घेतले ते विचारू नका. आमच्या सौ अजून विचारतात.

रविवारी रात्री मेसेज आला, पराठ्यांना वास लागला नाही म्हणून. पुढच्या शनिवारी बाई पुन्हा दारात. बॅग हातात, चेहऱ्यावर अपराधी हसू. "काका, सगळं मस्त आहे. फक्त एक राहिलं. परवा इन्स्ट्रक्टर बरोबर होते. ते उजव्या सीटवर बसले, बॅग मागे गेली. आणि टॉर्च बॅगेत."

आपण दोन स्टूल मांडले होते, त्यांच्या मागे काय आहे ते बघितलंच नव्हतं. मी पोऱ्याला हाक मारली आणि तिसरं स्टूल आणायला सांगितलं.