दोन ते पाच

नवऱ्याचं कानाचं मशीन "जरा कमी करून द्या" असं सांगायला बायको एकटी आली, हे माझ्या कामात पहिल्यांदाच घडलं. एरवी उलट असतं. "वाढवा हो मॅडम, ओरडून ओरडून माझा घसा बसला" हे मी रोज ऐकते. या काकू मात्र भर दुपारी, घरी काकांचा डोळा लागलेला बघून, रिक्षाने आल्या होत्या. खुर्चीच्या कडेला टेकल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "सगळं नाही हो. स्वयंपाकघरातलं तेवढं कमी करता येईल का?"

मी श्रवणतज्ज्ञ आहे. पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं क्लिनिक आहे. येणारे बहुतेक लोक सत्तरीच्या पुढचे. त्यामुळे लोकांना वाटतं की हे काम उदास असणार. तसं अजिबात नाही. मी इतकी हसते की आमच्या रिसेप्शनवरच्या ताई दार लावून घेतात. या जोडप्याचं मात्र हसून झाल्यावरही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकांना पहिल्यांदा तपासलं ते पावसाळ्याच्या सुरुवातीला. वय ऐंशीच्या जवळ, सरकारी नोकरीतून निवृत्त, शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. तक्रार नेहमीचीच: "ऐकू येतं, पण समजत नाही." काकूंची तक्रारही नेहमीचीच: "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं."

हे दुसरं वाक्य घरोघरी म्हटलं जातं आणि ते फार अन्यायाचं आहे. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले. काकांच्या ऑडिओग्रामची, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्या आलेखाची, रेघ २५० हर्ट्झला जवळजवळ ठीक होती, १००० नंतर उतरायला लागली आणि ४००० ला थेट ७० डेसिबलवर गेली. भाषेत बघायचं तर आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या भागात, ते त्यांना पोचत होते. स, श, थ, फ यांची धार वरच्या भागात, ती गेली होती. म्हणजे कोणी बोलतंय हे कळणार, कोण बोलतंय हे कळणार, चिडून की लाडाने तेही कळणार. फक्त शब्द कळणार नाहीत. समोर बसून, तोंडाकडे बघत, शांत खोलीत बोललं तर ओठांवरून बरंच जुळवता येतं. पाठमोरं, नळ चालू असताना बोललं की गेलं. घरच्यांना वाटतं सोंग करतायत.

तपासणीच्या खोलीत मी नेहमीची सूचना दिली, "आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी." काकांनी विचारलं, "खात्री झाल्यावर दाबू, की शंका आली तरी?" हा प्रश्न मला पुण्यात हमखास येतो आणि दर वेळी आवडतो. शंका आली तरी दाबा, असं सांगितलं. मग त्यांनी इतकं प्रामाणिकपणे बटण दाबलं की आलेख पहिल्याच फेरीत स्वच्छ आला. बटण दाबून धरून ठेवणारे, मला वाईट वाटू नये म्हणून उगाच दाबणारे, "हा कालच्यासारखा नाही" म्हणणारे असे सगळे बघितल्यावर अशा पेशंटचे पाय धरावेसे वाटतात.

मशीन बसवायच्या दिवशी मी वेळ काढून ठेवते. त्याबाबत मी हट्टी आहे. कानात बारीक नळी घालून, मशीनचा आवाज पडद्यापाशी प्रत्यक्षात किती पोचतोय हे मोजल्याशिवाय मी कोणाला घरी पाठवत नाही. कान सारखे नसतात. तेच मशीन, तेच सेटिंग, पण एका कानात पुरेसं आणि दुसऱ्यात कमी पडतं. अनेक ठिकाणी संगणक सुचवतो ते पहिलं सेटिंग भरून, "सवय होईल" म्हणून बोळवण करतात. मग ते मशीन कपाटात चांदीच्या वाट्यांशेजारी जाऊन बसतं आणि लोक म्हणतात मशीनचा काही उपयोग नसतो.

मोजून झालं की सहा आवाजांची चाचणी घेते. डॅनियल लिंग यांनी कर्णबधिर मुलांसाठी बसवलेली आहे, पण मोठ्यांनाही चालते: आ, ऊ, ई, म, स, श. तोंडापुढे कागद धरून मी एकेक आवाज काढायचा, त्यांनी तो परत म्हणायचा. आ, ऊ, ई झालं. शेजारी काकू आमच्या ताईंना चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होत्या. मी "श्श" म्हटलं. काकांचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांनी ऐकलेला तो आवाज कोणाला तरी दाखवायचा म्हणून ते काकूंकडे वळले आणि जोरात म्हणाले, "श्श!"

काकू वाक्याच्या मध्यावर थांबल्या. "मी काय वाईट बोलले?"

"अगं, श ऐकू आला मला!"

"मग तो माझ्याकडे बघून कशाला?"

ताई उठून बाहेर गेल्या. मी कागद चेहऱ्यावरून खाली घेतला नाही.

पुढचा आठवडा काकांनी मशीन इमानाने लावलं. बॅटऱ्यांचं काय झालं ते सांगायला हवं. या बॅटऱ्या हवेवर चालतात. मागचं स्टिकर काढलं की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. पुन्हा स्टिकर लावून ती झोपत नाही. काकांनी पाकीट घरी नेऊन सहाच्या सहा बॅटऱ्यांची स्टिकरं काढून ठेवली. "पूर्वतयारी." शिवाय त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बिघडला. सुरू केला की थोड्याच वेळात आवाज आपोआप बारीक होत जायचा. ते दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदार म्हणाला उत्तम चालू आहे. पुन्हा घेऊन गेले, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा मला फोन आला.

तानपुरा ठीकच होता, करामत मशीनची होती. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गाडीचं इंजिन, असं धरून मशीन तो दाबतं. तानपुऱ्याइतकं एकसारखं दुसरं काय असणार? बासरीचा लांब सूर तर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते सूर कापायला बघतं. ही मशीनं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हॉटेलात गप्पा मारणारा माणूस असतो, षड्ज लावून बसलेला नाही. काका सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत भरायचा तेव्हापासून तो ऐकणारे. मी त्यांना संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला. गोंगाट दाबणं बंद, शिट्टी रोखणं अगदी सौम्य, आणि हळू-मोठ्यातला फरक जास्तीत जास्त जसाच्या तसा. तानपुऱ्याची पेटी माझ्या टेबलावर ठेवून दोघांनी मिळून तो जुळवला. काका डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "पंचम किंचित उतरलाय. हा मात्र पेटीचाच दोष." बरोबर होतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले.

आता काकूंचं. त्यांना दुपारी मोठ्याने बोलायची सवय. जेवणं झाली, काका आरामखुर्चीत बसले की काकू धान्य निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोलतात. देवाशी, गेलेल्या आईशी, नणंदेशी, नसलेल्या माणसांशी आणि असलेल्यांबद्दल. काकांना शब्द कळेनासे झाल्यापासून दहा-बारा वर्षं हे मोकळेपणाने चाललं होतं. मशीन आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दुपारी त्या १९७८ सालच्या कोथरूडच्या प्लॉटबद्दल बोलत होत्या. तेव्हा तिकडे शेतं होती, प्लॉट परवडत होता आणि काकांनी घेतला नाही. हा विषय बहुधा रोजचाच असावा. आणि बाहेरच्या खोलीतून शांतपणे उत्तर आलं, "त्याचे कागद साफ नव्हते."

काकूंच्या हातून तांदळाचं ताट पडलं.

"सेहेचाळीस वर्षांनी कारण सांगतायत," मला सांगताना काकूंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. "तेव्हा विचारलं तर म्हणाले, बघू." मग त्या गंभीर झाल्या. "आता मी मनात बोलते. पण मनात नीट बोलता येत नाही हो. मधेच तुटतं."

मशीनला स्वयंपाकघर ओळखता येत नाही, हे मी त्यांना समजावलं. आणि काकांना न विचारता मी त्यांच्या मशीनला हात लावू शकत नाही, हेही. त्या म्हणाल्या, "मग राहू दे. मी आले होते हे यांना सांगू नका."

पंधरा दिवसांनी काका एकटे आले. मशीन संगणकाला जोडलं की रोज सरासरी किती तास लावलं ते दिसतं. आमच्याकडच्या तरुण सहकारी मुलीचं या आकड्यावर फार प्रेम आहे. ती हुशार आहे, आलेख सुरेख वाचते, पण तास कमी दिसले की आधी रागावते आणि मग विचारते. काकांचे तास आधी चांगले होते, नंतर अचानक घसरलेले. ती म्हणाली, "काका, दिवसभर लावायचं ठरलंय ना? मेंदूला सवय व्हायला सलग ऐकावं लागतं." ते खरंही आहे. काका म्हणाले, "दुपारी बॅटरी वाचवतो."

ती बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "काका, झाकण उघडून ठेवून असे किती पैसे वाचतात?" त्यांनी दाराकडे बघितलं.

"ही दुपारी बोलायची. मशीन लावल्यापासून गप्प झाली. दोन-तीन दिवस घरात कोणी नसल्यासारखं वाटलं. मग मी मशीन काढून तिला दिसेल असं टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला लागली."

"पण मशीन नसलं तर तुम्हाला काय कळणार?"

"कळायला कशाला पाहिजे? आवाज येतो की." थोडं थांबून म्हणाले, "तिला सांगू नका."

मी समोरच्या ऑडिओग्रामकडे बघत राहिले. २५० ला ठीक, ५०० ला ठीक. काकूंच्या बोलण्याचा सूर, चढउतार, कुठे हसल्या, कुठे फणकारल्या, सगळं त्या रेघेच्या डाव्या भागातून त्यांना जात होतं. प्लॉट तेवढा गाळला जात होता. इतकी वर्षं हा आलेख मी काय हरवलं ते बघायला वाचत आले आहे.

नियमाने मी त्यांना समजवायला हवं होतं. इतर वेळी ते मशीन नीट लावत होते, फोनवर बोलत होते, नातीचं इंग्रजी-मराठी मिसळलेलं बोलणं त्यांना कळत होतं. मी फाइलमध्ये तास लिहिले आणि कारणाची जागा रिकामी ठेवली.

मग तो शनिवार. गणपती जवळ आले होते. नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी आमच्या तपासणीच्या खोलीतही घुमतं, म्हणून सगळ्यांना लवकर बोलावलेलं, गर्दी मरणाची. काका, काकू आणि बाणेरला राहणारा मुलगा असे तिघं आले. मुलगा मनापासून काळजी करणारा. "बाबा बॅटरीसाठी दुपारी मशीन काढून ठेवतात म्हणे. असलं काही नको. ट्रायल संपायच्या आत बदलून घेऊ, चार्जिंगवालं द्या. खर्चाचं बघू नका."

काका माझ्याकडे बघायला लागले. काकूही माझ्याकडे बघायला लागल्या. दोघांनी मला शपथ घातल्यासारखं गप्प बसवलेलं आणि मुलगा खिशातून कार्ड काढतोय.

काका म्हणाले, "हे चार्ज व्हायला किती वेळ लागतो?"

"साधारण तीन तास."

"म्हणजे दुपारी केलं तर चालेल?"

"बाबा, रात्री झोपताना लावायचं. माहितीपत्रकात लिहिलंय."

"रात्री नको," काकू ताबडतोब म्हणाल्या. "रात्री लाइट गेली तर?"

"आई, इन्व्हर्टर आहे आपल्याकडे."

"इन्व्हर्टरवर पंखा असतो."

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. प्लॉटनंतर बहुधा पहिल्यांदाच ते दोघं इतक्या चटकन एकमत झाले असतील.

त्या दोघांपैकी कोणाला किती माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं नाही आणि अजूनही ठरवता येत नाही. टेबलावर ठेवलेलं मशीन काकूंना नुसतं बॅटरी वाचवणं वाटलं असेल का? की त्या रोज त्यांच्यासाठीच बोलत होत्या? मी हिशोब केला. संध्याकाळी पाच ते रात्री दहा, सकाळी सहा ते दुपारी दोन, तेरा तास. रात्री बटणाने बंद केलं तर बॅटरी सहज पुरते. मुलाला म्हटलं, "तुमच्या वडिलांना दुपारचीच वेळ सोयीची आहे." त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

सूचनांच्या कार्डावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: चार्जिंग, दुपारी २ ते ५. काकूंनी ते हातात घेऊन चष्मा लावून वाचलं, फ्रिजवर लावते म्हणाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मॅडम, साडेपाच केलं तर जास्त चांगलं चार्ज होईल का?"

मी पाच खोडून साडेपाच केलं.