नान्नजच्या माळावर: माळढोक की लांडोर?

सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागलं की विसेक किलोमीटरवर नान्नज येतं. हिवाळ्यात उजाडायच्या आत निघावं, कारण ऊन चढलं की माळावर झळा उठतात. दूरचं जनावर थरथरतं, लांबुळकं होतं आणि त्याच्या उंचीचा अंदाज पार चुकतो. ओळखण्यातल्या निम्म्या गफलती या झळांमुळेच होतात.

हे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, 1979 सालचं. इथं येणाऱ्या प्रत्येकाला माळढोक हवा असतो, म्हणून गवतातून वर आलेली कुठलीही मान माळढोकची ठरते. ती बहुतेक वेळा लांडोरीची निघते! लांडोरीच्या डोक्यावर तुरा उभा असतो आणि मानेवर हिरवी झाक. माळढोकची मान फिकट पांढुरकी, डोक्यावर काळी टोपी, उंची साधारण मीटरभर. दुसरा फसवा पक्षी कांडेसर. त्याचीही टोपी काळी आणि मान पांढरी, पण पाय तांबडे आणि चोच लांब, जाड. आमची भरवशाची खूण वेगळीच आहे: पक्षी झाडावर बसला असेल तर तो माळढोक नाही. त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं, फांदी धरणार कशी? आता तो इथं क्वचितच दिसतो, त्यामुळे नोंद करण्याआधी दहा वेळा बघावं.

काळविटांच्या कळपाकडे बोट दाखवून "ते बघा चिंकारे!" असं हमखास ऐकू येतं. काळविटांत काळा रंग फक्त वयात आलेल्या नराचा, माद्या आणि कोवळे नर तांबूस तपकिरी. मादीला शिंगं नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला बहुधा बारीक शिंगं असतात, आणि डोळ्यापासून नाकाकडे गडद पट्टा जातो. काळविटाच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) असली तर एवढं सहज दिसतं, फक्त सूर्य पाठीशी ठेवावा.

धनगरांच्या मेंढरांमागचा कुत्रा लांडगा म्हणून किती मोबाइलमध्ये साठलाय कोण जाणे. रंगावर जाऊ नका, शेपूट बघा. कुत्र्याची बहुधा वर वळलेली, लांडग्याची खाली लोंबती. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद, आणि तो एका लयीत, नाकासमोर दुडक्या चालीनं जातो. कुत्रा चार पावलं टाकून थांबतो, हुंगतो, परत वळतो. खोकडाला लोक कोल्ह्याचं पिल्लू समजतात. मोठे कान, सडपातळ अंग आणि शेपटीचं काळं टोक दिसलं की ते खोकड.

गवतात पाऊलवाट सोडून शिरू नये. धाविक आणि टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती खड्यांत मिसळून जातात आणि पायाखाली आली तरी कळत नाही. शंका असेल तेव्हा फोटो एकच न काढता समोरून, बाजूनं आणि चालताना असे तीन-चार काढावेत आणि वनरक्षकांना दाखवावेत. भाकरी-शेंगाचटणी गाडीतच खावी, खरकटं माळावर टाकलं की कुत्री येतात आणि जमिनीवरची घरटी उद्ध्वस्त करतात.