कर्नाळ्याचा बेत

बुधवार, रात्र

रविवारच्या कर्नाळ्याचा बेत ताईने आज संध्याकाळी सर्वांना लिहून पाठवला आणि तेव्हापासून माझे मन कशातच लागलेले नाही. बेत उत्तम आखला आहे. सकाळी लवकर पनवेलच्या एसटी स्थानकावर जमायचे, पेणकडे जाणारी पहिली गाडी धरायची, गोवा महामार्गावर कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या फाटकाशीच उतरायचे. तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांची नोंद होऊन अनामत भरावी लागते, म्हणून पाणी प्रत्येकाने स्टीलच्या बाटलीतून आणायचे. त्याखाली कोणी काय आणायचे ते लिहिले आहे. थालीपिठे ताईकडे, संत्री वहिनीकडे, औषधांची पिशवी भाऊजींकडे, दुर्बीण धाकटीकडे. सर्वांत शेवटी माझे नाव आहे आणि त्यापुढे एक आडवी रेघ. पुढच्या ओळीत लिहिले आहे की इतर सर्वजण मोरटाका वाटेने वर जाऊन किल्ला पाहून उतरतील आणि मी हरियाल वाटेने फिरून फाटकाजवळ सावलीत थांबेन.

हे सगळे काळजीपोटीच आहे, हे मला कळते. दिवाळीनंतर गुडघ्याचे जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे. मोरटाक्याची वाट लांबची, चढाची आणि सुट्या दगडांची. हरियालची आखूड आणि सोपी. मला विचारले असते तर मीही हरियालच म्हटले असते. उत्तर तेच असणार होते, तरीही ते माझ्या तोंडून यायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे आणि एवढ्याशा गोष्टीसाठी मी जेवताना कोणाशी बोलले नाही. हे असते तर त्यांनी पहिल्याच ओळीवर ताईला फोन लावला असता. असो.

राहून राहून मन त्या रेघेपाशीच जाते. दुर्बीण धाकटीकडे, असे ताईने लिहिले. पण दुर्बीण माझ्या कपाटात आहे. तिचा पट्टा तुटला तेव्हा नाक्यावरच्या चर्मकाराने जाड मेणदोऱ्याने तो शिवून दिला, ती शिवण आजही मानेला टोचते. तिचे मधले चाक थंडीत घट्ट होते आणि आधी उलट्या बाजूला थोडे फिरवल्याशिवाय हलत नाही, हे धाकटीला कोण सांगणार? आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर लिहिली जावी आणि आपल्या नावापुढे काहीच असू नये, याचे मला जितके वाईट वाटले, तितके किल्ला चुकणार याचे वाटले नाही. किल्ला मी पाहिलेला आहे. वरून दिसणारा प्रबळगड आणि माणिकगड माझ्या डोळ्यांपुढे आहेत, आणि पुरंदरच्या तहात १६६५ साली दिलेला हा गड १६७० मध्ये परत घेतला, हे दादांनी किल्ल्यावरच्या त्या सुळक्याच्या पायथ्याशी बसवून आम्हाला सांगितले होते, तेही आठवते.

जेवणानंतर दुर्बीण काढली आणि मऊ फडक्याने भिंगे पुसत बसले. पुसता पुसता विचार निराळ्याच दिशेने गेला. फेब्रुवारीत बरीच झाडे निष्पर्ण असतात आणि पांगारा फुललेला असतो. त्या लाल फुलांतल्या मधासाठी सूर्यपक्षी, कोतवाल, मैना, बुलबुल अशी सकाळपासून रीघ लागते. अशा झाडासमोर ऊन चढेपर्यंत एका जागी बसायला मिळाले, तर जे दिसते ते वर चढताना धापा टाकत, बोलत जाणाऱ्या मंडळींना दिसत नाही. आता १२.११ चौरस किलोमीटर असलेले हे रान १९६८ मध्ये, आकाराने लहान असताना, अभयारण्य झाले ते पक्ष्यांसाठी, आणि तरी येणारे बहुतेक जण सुळका गाठण्याच्या घाईत असतात, याची मला नेहमीच खंत वाटत आली आहे. ज्याच्या नावाने ही छोटी वाट आहे तो हरियाल, म्हणजे हिरवे कबूतर, तर आपला राज्यपक्षी. वडाउंबराच्या पानांत त्यांचा थवा बसलेला असतो आणि एखादा फळाकडे सरकेपर्यंत एकही नजरेस पडत नाही. त्याच्यासाठी थांबावेच लागते, मान दुखेपर्यंत. थांबणे मला जमते.

त्यामुळे ताईवरचा राग गेला, असे मात्र नाही. तो अजून थोडा आहे आणि तो उद्या तिला सांगणार आहे, कारण न सांगता गेले तर दिवसभर मनात धरून बसेन आणि पांगाऱ्याखाली बसूनही पांगारा दिसायचा नाही. वाट हरियालचीच घेईन. पण सावलीत थांबून राहणार नाही. माझ्या पायांना जमेल तेवढे हळूहळू, हवे तर तीच वाट दुसऱ्यांदा फिरेन. मंडळी उतरेपर्यंत दुपार होईल, तोवर वेळच वेळ आहे.

उद्या सकाळी ती डब्याच्या गडबडीत सापडण्यापूर्वीच फोन करायला हवा. दुर्बीण मी आणते आणि ती माझ्याकडेच राहील; धाकटीला हवी असेल तर तिने एक फेरी माझ्याबरोबर करावी आणि मग वर जावे. संत्रीही मी आणते, वहिनीला पिशवीचे ओझे नको. आणि किल्ल्यावर जाणाऱ्यांपैकी कोणीही अत्तर किंवा सेंट लावून येऊ नये, सुळक्याला मधमाश्यांची पोळी असतात आणि त्या उग्र वासाने चवताळतात, हे बेतात कुठेच लिहिलेले नाही. ते माझ्या नावाने लिही, असे तिला सांगायचे आहे.