सम्टर शेवटी बघा

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटनला आलेला प्रवासी बहुतेक वेळा पहिल्याच सकाळी बोट पकडून बंदरातला किल्ला, फोर्ट सम्टर गाठतो. तोफा बघतो, फोटो काढतो आणि 'इथे अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं' एवढं घेऊन परततो. माझा सल्ला उलटा आहे. सम्टर दुसऱ्या दिवशी ठेवा आणि पहिला दिवस शहरात पायी घालवा. पहिला गोळा १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे सुटला, पण गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेचं भांडण त्याच्या कितीतरी आधीचं, आणि ते ज्या रस्त्यांवर पिकलं ते सगळे दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत. बूट जाड तळाचे घाला. चामर्स स्ट्रीटवरच्या गोट्यांवर चपला टिकत नाहीत.

सुरुवात गॅड्सडेन्स व्हार्फपासून करावी. १८०८ पर्यंत गुलामांची आयात थांबवायची नाही, अशी तडजोड अमेरिकेच्या राज्यघटनेतच होती. बंदी येणार हे दिसत असल्यामुळे साउथ कॅरोलायनाने १८०३ च्या अखेरीस हा धंदा पुन्हा खुला केला आणि १८०७ संपेपर्यंत सुमारे ४०,००० आफ्रिकी माणसं या राज्यात उतरवली. शेवटच्या काळात त्यातली बहुतेक जहाजं याच धक्क्याला लागत. इथलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम २०२३ मध्ये उघडलं. इमारत १३ फूट उंच खांबांवर तोललेली आहे, म्हणजे धक्क्याची जमीन मोकळी राहिली. सोमवारी ते बंद असतं, पण खालच्या बागेला तिकीट लागत नाही आणि खरी थांबायची जागा तीच. फरशीत आडव्या झोपवलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. गुलामांच्या जहाजात माणसं कशी रचत, त्या जुन्या नकाशावरून त्या घेतल्यात. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर चढतो, आकृत्या बुडतात, पाणी ओसरलं की पुन्हा दिसतात.

तिथून सेंट फिलिप्स चर्च चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. चर्चच्या रस्त्यापलीकडच्या दफनभूमीत गुलामगिरीचा कैवारी सिनेटर जॉन कॅल्हूनचं थडगं आहे. मॅरियन स्क्वेअरमधला त्याचा पुतळा २०२० मध्ये उतरवला, थडगं अर्थातच जागेवर आहे. गुलामगिरी ही नाइलाजाची गोष्ट नाही, ती चांगलीच गोष्ट आहे, असं त्याने १८३७ मध्ये सिनेटमध्ये बजावून सांगितलं. त्याआधी १८३२ मध्ये याच राज्याने केंद्राचा जकात कायदा आमच्याकडे लागू नाही असा ठराव केला होता. अध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्याची धमकी दिली आणि पुढच्या वर्षी जकात कमी करून प्रकरण मिटलं. हे लक्षात ठेवा, कारण युद्ध जकातीवरून झालं असं सांगणारा कोणीतरी इथे भेटतोच. जकातीवर तडजोड होऊ शकली होती.

ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम चामर्स स्ट्रीटवर ६ नंबरला आहे. बरेच प्रवासी सिटी मार्केटच्या लांबलचक शेड्सनाच गुलामांचा बाजार समजून तिथून परततात. तिथे मटण, मासे, भाजी विकली जायची, माणसं नव्हे. माणसांचा लिलाव जुन्या एक्स्चेंज इमारतीबाहेर भर रस्त्यात होत असे. १८५६ मध्ये शहराने त्याला मनाई केली, पण ती रस्त्यावर विकण्याला, विकण्याला नव्हे. मग व्यापाऱ्यांनी आवारं घेतली. त्यातल्या रायन्स मार्टचा उरलेला भाग म्हणजे ही उंच कमानीची इमारत. मागे माणसं कोंडून ठेवायची चौमजली चाळ, स्वयंपाकघर आणि प्रेतं ठेवायची खोली होती. ते सगळं आता गेलंय. म्युझियम लहान आहे, तास-सव्वा तास पुरतो. रविवारी जाण्याआधी वेळ तपासून घ्या.

इथून पाय घेत असतील तर चार्ल्सटन म्युझियममधले तांब्याचे बिल्ले चुकवू नका. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे कामाला लावून मजुरी स्वतः घेत असे, आणि त्यासाठी नगरपालिकेकडून दरवर्षी नवा बिल्ला विकत घ्यावा लागे. तळहातात मावेल एवढा चौकोनी पत्रा, एका कोपऱ्याला भोक. त्यावर ठोकलेलं: चार्ल्सटन, वर्ष, क्रमांक आणि काम, म्हणजे 'सर्व्हंट', 'पोर्टर', 'फिशर'. नाव कुठेच नाही. मराठी वाचकाला 'गुलामगिरी' म्हटलं की जोतीराव फुले आठवतात. त्यांनी १८७३ चं ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. हा पत्रा बघितल्यावर ती अर्पणपत्रिका पुन्हा वाचावी.

आता मीटिंग स्ट्रीट. १३४ नंबरच्या जागी साउथ कॅरोलायना इन्स्टिट्यूट हॉल होता. आज फक्त फलक आहे, कारण डिसेंबर १८६१ च्या मोठ्या आगीत तो जळला. एप्रिल १८६० मध्ये इथे डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलाम ठेवण्याच्या हक्काला केंद्राने संरक्षण द्यावं, ही दक्षिणेची मागणी फेटाळली गेली आणि दक्षिणेचे पन्नासेक प्रतिनिधी उठून बाहेर पडले. पक्षाचे दोन उमेदवार झाले. नोव्हेंबरात जेमतेम ४० टक्के मतं मिळवून रिपब्लिकन पक्षाचे लिंकन निवडून आले. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, एवढीच त्यांच्या पक्षाची भूमिका होती. दक्षिणेला तेवढीही नको होती. पसरली नाही तर उद्या सिनेटमध्ये आपण अल्पमतात जाऊ, हा हिशेब त्यामागे होता.

साउथ कॅरोलायनाने अमेरिकेतून फुटून निघण्याचा ठराव २० डिसेंबर १८६० ला ब्रॉड स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये १६९ विरुद्ध शून्य मतांनी झाला आणि संध्याकाळी इन्स्टिट्यूट हॉलमध्ये त्यावर सह्या झाल्या. सेंट अँड्र्यूज हॉलही त्याच आगीत गेला. म्हणून इथे बघायला काही नाही, वाचायला आहे. २४ डिसेंबरला याच सभेने आपण का फुटलो याची कारणं जाहीर केली. मजकूर जेमतेम काही पानांचा आहे. फोनवर उतरवून घ्या आणि जवळच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये बाकावर बसून वाचा, वीस मिनिटं लागतील.

वाचताना एक गोष्ट शोधा: तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे? केंद्राचा जुलूम हा तिचा मुख्य विषय नाहीच. तक्रार उत्तरेतल्या राज्यांविरुद्ध आहे. पळालेले गुलाम परत करायचा केंद्राचा कायदा ही राज्यं पाळत नाहीत, त्याविरुद्ध स्वतःचे कायदे करतात. मेनपासून आयोवापर्यंत तेरा राज्यांची नावं घेतली आहेत. न्यूयॉर्कने तर मालकाला गुलामांसह नुसतं आपल्या हद्दीतून जायचा हक्कही नाकारला, असा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे न्यूयॉर्कने राज्याचा हक्क वापरला, हाच गुन्हा. ज्या कायद्याचा आग्रह होता तो १८५० चा. पकडलेला माणूस मालकाकडे पाठवला तर अधिकाऱ्याला १० डॉलर, सोडला तर ५. जकातीचं नाव या मजकुरात नाही. 'राज्यांच्या हक्कांसाठी लढलो' हे वाक्य युद्धानंतर फार रुळलं. फुटणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं कारण दुसरं आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या ७,०३,७०८ होती आणि त्यातले ४,०२,४०६ गुलाम. फुटीच्या मतदानात त्यांना अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

एवढा आत्मविश्वास आला कुठून? कापसातून. इथला सिनेटर हॅमंड १८५८ मध्ये म्हणाला होता, कापूस हा राजा आहे, त्याच्याशी युद्ध करायची कोणाची हिंमत नाही. कापूस अडला की इंग्लंड आपल्या मदतीला धावेल, असं गणित होतं. इंग्लंडच्या गिरण्या अडचणीत आल्या खऱ्या, पण त्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअर्सचं वेड पसरलं, आणि १८६५ मध्ये इथे शस्त्रं खाली ठेवली गेली तशी तिकडे कंपन्या बुडाल्या.

दुसऱ्या दिवशी सम्टर. बोटी लिबर्टी स्क्वेअर आणि पलीकडच्या पॅट्रियट्स पॉइंटवरून सुटतात. किल्ल्याला प्रवेशशुल्क नाही, पैसे बोटीचे. आधी आरक्षण करा आणि अर्धा तास लवकर पोहोचा. जायला अर्धा तास, किल्ल्यात साधारण एक तास, परतायला अर्धा तास, आणि आलात त्याच बोटीने परत. तो एक तास कमी पडतो, म्हणून प्रदर्शन नंतर, आधी तट. आत सावली नाही, टोपी आणि पाणी हवंच, खाणं बोटीवरच उरका. वादळी वाऱ्यात फेरी रद्द होते, तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशी हा बेत ठेवू नका. शक्यतो पहिली फेरी घ्या, तेव्हा झेंडा चढवायला प्रवाशांनाही हात लावू देतात.

वाटेत कॅसल पिंकनी दिसतो. फुटीर राज्याने जिंकलेलं हे केंद्राचं पहिलं ठाणं, २७ डिसेंबरला. आदल्या रात्री केंद्राच्या फौजेच्या मेजर रॉबर्ट अँडरसनने ८५च्या आसपास माणसांनिशी बंदरातलाच फोर्ट मोल्ट्री सोडून सम्टर गाठला होता, कारण मोल्ट्रीचा तट जमिनीकडून उघडा होता. सम्टर म्हणजे जंजिराच, फक्त बेट माणसांनी घातलेलं: वाळूच्या दांड्यावर सुमारे ७०,००० टन दगड टाकून. पाच बाजूंचा विटांचा तट, ५ फूट जाड, ५० फूट उंच. काम १८२९ मध्ये सुरू झालं तरी १८६० मध्ये अपुरंच होतं. योजना १३५ तोफांची आणि ६५० माणसांची होती.

जलदुर्गाचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे: रसद. जानेवारीत 'स्टार ऑफ द वेस्ट' रसद घेऊन आलं, त्याच्यावर मॉरिस आयलंडवरून तोफा डागल्या आणि ते परत गेलं. मार्चमध्ये लिंकन सत्तेवर आले तेव्हा अन्न सहा आठवड्यांच्या आत संपणार होतं. त्यांनी गव्हर्नरला कळवलं: फक्त अन्न पाठवतोय, अडवलं नाही तर सैन्य उतरवणार नाही. आता पहिला गोळा डागायचा की अन्न जाऊ द्यायचं, हे दक्षिणेला ठरवायचं होतं. दक्षिणेचा सेनापती ब्युरेगार्डने (वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तो अँडरसनचाच विद्यार्थी) शरणागती मागितली, आणि ३:२० ला निरोप गेला की तासाभरात मारा सुरू होईल. ४:३० ला फोर्ट जॉन्सनमधून इशाऱ्याचा गोळा सुटला.

आत फिरताना खालच्या मजल्यावरच्या कमानीत उभे राहा. अँडरसनने माणसं वाचवण्यासाठी वरच्या मोठ्या तोफा सोडून फक्त इथल्याच चालवल्या. त्यातून साधे गोळेच सुटत, आणि ते समोरच्या मातीच्या मोर्च्यांत रुतून बसत. दारू भरायच्या पिशव्या संपल्या. कपडे, चादरी कापून नव्या शिवायला घेतल्या तर अख्ख्या किल्ल्यात सुया सहा. दुपारपर्यंत फक्त सहा तोफा चालू राहिल्या. तापवलेल्या गोळ्यांनी बराकी पेटल्या, आग दारूकोठाराकडे सरकली. ३४ तासांनी झेंडा उतरला. माऱ्यात कोणी मेलं नाही. मेला तो दुसऱ्या दिवशी, निरोपाची सलामी देताना दारू भडकून: शिपाई डॅनियल हफ.

समोर दिसणारा बुटका तट मात्र त्या ३४ तासांनी केलेला नाही. तो १८६३ ते १८६५ च्या उत्तरेच्या माऱ्याचा परिणाम आहे. तेव्हाचे काही गोळे भिंतीत अजून रुतलेले दिसतात. मधला काळा काँक्रीटचा ठोकळा १८९८-९९ चा, यादवीशी त्याचा संबंध नाही. पहिल्यांदा येणारे नेमका त्याचाच फोटो काढतात.

परतताना बोटीच्या मागच्या बाजूला बसा, म्हणजे किल्ला दूर जाताना दिसतो. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स हा गुलाम सुकाणू-चालक 'प्लँटर' ही दक्षिणेची आगबोट बायकामुलांसह शहराच्या धक्क्यावरून पळवून याच तटाखालून गेला. कप्तानाची गवती टोपी घालून त्याने ठरलेली शिट्टी दिली, पहारेकऱ्यांनी वाट सोडली. पुढे तो अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेला. १४ एप्रिल १८६५ ला अँडरसनने तोच जुना झेंडा सम्टरवर पुन्हा चढवला, तेव्हा पाण्यात जमलेल्या बोटींत 'प्लँटर'ही होती, डेकवर मुक्त झालेल्या माणसांची गर्दी घेऊन.