आमच्या गावातल्या कोप्यांवर लसीकरण सत्र कसं लागलं: माझा अनुभव

आमचं गाव ऊसपट्ट्यातलं. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिथे एक दुसरं गाव नांदत असतं. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गावच्या आरोग्य समितीतही आहे. तीन वर्षं बैठकांना बसले, पण कोप्यांचा विषय एकदाही निघाला नाही. मीही काढला नाही, याची मला आज खंत वाटते.

गेल्या हंगामात डिसेंबरअखेरीस आशाताईंबरोबर तिथे गेले, ते तापलेल्या एका बाळाला बघायला. बाळ तीन महिन्यांचं. जन्मल्यावर दवाखान्यात टोचलं तेवढंच. आई म्हणाली, "दीड महिन्याच्या सुईची तारीख होती, तवाच गाडी आली. निघावं लागलं."

आरोग्य केंद्रात विचारलं तर उत्तर आलं, ही माणसं आमच्या लोकसंख्येत धरलेली नाहीत. सिस्टर मनाने चांगल्या, पण त्यांची ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाला कोणती लस द्यायची ती यादी, गावच्या सर्वेक्षणावरून बनते, लस त्या यादीप्रमाणे येते आणि सर्वेक्षणात कोप्या नसतात. आठ दिवस मी नुसती चिडत राहिले. मग आशाताईंनीच वाट काढली. पल्स पोलिओच्या आराखड्यात वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांची पालं, ऊसतोडीच्या टोळ्या असे अतिजोखमीचे भाग वेगळे लिहिलेले असतात. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला; त्यानंतर तसा रुग्ण आढळला नाही, त्यात अशाच ठिकाणी घरोघर फिरून पाजलेल्या डोसांचा मोठा वाटा आहे. आमच्या माळाचं नाव त्या जुन्या आराखड्यात होतंच. म्हणजे पोलिओच्या दोन थेंबांसाठी ही मुलं आमची होती आणि बाकीच्या लसींसाठी नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर तो कागद ठेवला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "नावानिशी यादी आणा, मी सत्र लावतो."

यादी करणं हेच खरं काम होतं. टोळी पहाटे तीन-चारला फडात जाते, ऊस भरून गाडी गेली की अंधार पडता पडता परतते. म्हणून आम्ही रात्री जेवणवेळेनंतर मोबाइलच्या उजेडात कोपी-कोपी फिरलो. कार्ड बहुतेकांचं गावाकडच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. तेव्हा तिथल्या सासू-सासऱ्यांना फोन लावून कार्डाचा फोटो मागवला. ही युक्ती फार उपयोगी पडली. जन्मतारीख ठाऊक नसेल तर पोळा, नवरात्र, दिवाळी असं विचारत महिना ठरवला. चार रात्रींत पाच वर्षांखालची सव्वीस मुलं आणि तीन गरोदर बायका यादीत आल्या.

जानेवारीच्या मध्यावर पहिलं सत्र लागलं, सकाळी अकराला, आणि पूर्ण फसलं. कोप्यांवर दोन म्हाताऱ्या आणि भावंडं सांभाळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. आईबापाशिवाय टोचणार कसं? आणि आईने थांबायचं म्हटलं तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. सिस्टर लसीचा डबा तसाच परत घेऊन गेल्या. त्या दिवशी मला कळलं की सत्र चुकीच्या वेळी ठेवलं तर ते दारात असूनही उपयोगाचं नसतं.

यातून मार्ग निघाला तो चिटबॉयकडून, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडून. साफसफाईसाठी गाळप बंद ठेवतात, त्या दिवशी तोड थांबते. तारीख दोन दिवस आधी कळते. वैद्यकीय अधिकारी म्हणाले, दोन दिवसांत सत्र बसवू. मुकादमाला भेटून आधीच सांगून ठेवलं. सुरुवातीला तो कुरकुरला, मग स्वतःच हाका मारत फिरला.

जानेवारीच्या शेवटी दुसरं सत्र झालं. सव्वीसपैकी बावीस मुलं आली. एमआरची (गोवर-रुबेला लसीची) कुपी उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकायची, म्हणून एरवी एकट्या मुलासाठी ती उघडायला हात कचरतो. नियम मात्र एक मूल असलं तरी उघडा असाच आहे, आणि सिस्टरनी तो पाळला. आयांना सगळ्यात मोठी भीती ही की मधला डोस चुकला म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. तसं नसतं; जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. हे ऐकल्यावर दोघी उठून आपापली पोरं घेऊन आल्या.

मुलांचं आटोपल्यावर बायका हळूच सिस्टरजवळ सरकल्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, मोळ्या उचलवत नाहीत. हे दुखणं वेळेत कुणी ऐकलं नाही तर पुढे काय होतं, ते आपल्या राज्याने पाहिलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणून मी आग्रह धरला की पुढच्या सत्राला तपासणीसाठी आडोसा हवा. फेब्रुवारीच्या शेवटी समितीच्या निधीतून पडदे आणि एक टेबल घेतलं. त्या दिवशी अकरा जणींची तपासणी झाली, आणि तिन्ही गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

मार्चच्या मध्यावर पट्टा पडला. काही मुलांचा तिसरा डोस राहिला होता. प्रत्येक आईच्या हातात नवं कार्ड, त्यावर पुढची तारीख. आणि गावाकडच्या आशाताईंना फोटो पाठवले. एप्रिलमध्ये एक फोटो उलट आला: त्या तापलेल्या बाळाचं कार्ड, तिसरा रकाना भरलेला. आणखी चार मुलांचं काय झालं, ते अजून शोधतोय. दोघांच्या गावच्या आशाताईंचे नंबर मुकादमाकडून मिळाले, दोघांचे नाहीत. दिवाळीआधी ते मिळवायचे आहेत.